आधी काढायला शिकव

आई, आज सकाळी मी तुमचं वाक्य चोरलं. चांगलं अकरा जणांसमोर, आणि तेही इंग्रजीत.

नव्या इन्स्ट्रक्टरांची तुकडी आलीय. अठरा-एकोणीस वर्षांची पोरंपोरी, केस विंचरायचा पत्ता नाही, हातात कॉफीचे कप, आणि एकाच्या पायात तर बर्फात चक्क जँडल्स, म्हणजे रबरी चपला. परवापासून ही मंडळी रुआपेहू डोंगराच्या उतारावर लहान मुलांना आणि नवशिक्यांना स्कीइंग शिकवणार. आमची बार्ब, म्हणजे मुलांच्या वर्गांची मुख्य, तिने मला सांगून ठेवलं होतं, "लहान मुलांबद्दल अर्धा तास तू बोल, वैशाली." मी आठवडाभर खपून चार पानं काढली. उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, थांबायला कसं शिकवायचं, सगळं मुद्देसूद. त्यांच्यासमोर गेले, कागद उघडला, आणि तोंडातून जे पहिलं वाक्य निघालं ते त्या कागदावर नव्हतंच.

"मुलाला स्कीज घालायला शिकवायच्या आधी काढायला शिकवा."

बोलले आणि पुढचं काही सुधरेना. पोरांना वाटलं थंडीने होतंय. एकीने आपली कॉफी पुढे केली.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. तुमचा नितीन चिंचवडला जाऊन सगळं उरकून आला. मी आले नाही. इराची शाळा, माझं ऑफिस, एवढ्या घाईत तिला कुणाकडे ठेवायचं, ही सगळी कारणं खरी होती, पण खरं कारण ती नव्हती. तुमच्या फोटोसमोर उभं राहून काय बोलायचं तेच मला कळत नव्हतं. सून म्हणून रडणं जमलं असतं हो. पण गेल्या सप्टेंबरपासून आपल्या दोघींच्या मध्ये जे अडकून पडलंय त्याचं काय करायचं? म्हणून हे लिहितेय. गाडीत बसलेय, खाली पार्किंगमध्ये. नितीन आणि इरा गरम चिप्स आणायला गेलेत. ती दोघं परत येईपर्यंत मला तुमच्याशी बोलायचंय, आणि या वेळी तुम्ही गप्प बसायचं नाही. बघा, अजून हुकूमच सोडतेय. माझं तोंड काही सुधारत नाही.

गेल्या मे महिन्यात तुम्ही पाच महिन्यांसाठी अल्बनीला आमच्या घरी आलात. सून शनिवार-रविवारी बर्फावर शिकवायला जाते, हे तुम्ही अख्ख्या सोसायटीला सांगून आला होतात, पण काय शिकवते ते तुम्हालाही नीट माहीत नव्हतं. जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, पहिल्यांदा तुम्हाला इथे आणलं. पाच तास गाडीत बसून तुमचे गुडघे आखडले होते. तरी उतरल्या उतरल्या डोंगराला नमस्कार केलात, मग मला म्हणालात, "शाळा कुठाय तुझी?" मी तो नवशिक्यांचा सपाट तुकडा दाखवला, त्याला लागून लहानसा उतार, बाजूने दोरी. "ही? हिला भिंती नाहीत, फळा नाही. बरं आहे की!"

आणि मग तुमची खुर्ची लागली. दोरीच्या अलीकडे, घडीची खुर्ची, त्यावर तुम्ही. साडीच्या आत नितीनची थर्मल, वर नितीनचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, पायात गमबूट, मांडीवर विणकाम. मला लाज वाटायची. आता लिहूनच टाकते, खूप लाज वाटायची. चार सीझन घासून, पडून, गुडघे फोडून घेऊन मी परीक्षा पास झाले होते. या डोंगरावर शिकवणारी एकटी भारतीय बाई मी. आणि आपली सासू माकडटोपी घालून लोकरीचे मोजे विणत बसलीय, वर येणाऱ्या-जाणाऱ्याला "किया ओरा" म्हणतेय! माओरी नमस्काराचे ते दोन शब्द तुम्ही इराकडून दोन दिवसांत उचललेत आणि माझ्यापेक्षा जास्त वापरलेत.

तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई नुसती बसणार थोडीच. पहिल्याच दिवशी दुपारी डबा उघडताना म्हणालात, "तू फार बोलतेस गं."

"शिकवायचं म्हणजे बोलायलाच लागतं, आई."

"तिसऱ्या वाक्याला ती मुलं बर्फ खायला लागली. दोन वाक्यं बोल, मग करून दाखव."

दुसऱ्या आठवड्यात सांगितलंत की उभ्याने बोलू नकोस, खाली बस, त्यांना तुझी हनुवटी दिसते नुसती. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगा भोकाड पसरून रडत होता आणि मी त्याला का रडतोस, का रडतोस विचारत होते, तेव्हा तुम्ही खुर्चीतूनच ओरडलात, "अगं विचारू नकोस, काम दे त्याला काहीतरी!" मी चिडून त्याच्या हातात खुणेचे लाल शंकू दिले. म्हटलं, लाव हे रांगेत. त्याने रांग लावली आणि रडायचं विसरला. तुमच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. दोरीला चिकटून उभ्या असलेल्या आयांना तिथून हलवायची युक्तीसुद्धा तुमचीच. बालवाडीत तुम्ही त्यांना घरून पाण्याचं भांडं आणायला पिटाळायचात, मी इथे हॉट चॉकलेट आणायला पाठवायला लागले. मूल आईची पाठ दिसली की दोन मिनिटं रडतं आणि मग माझं होतं.

बार्ब तुमच्याकडे बघून विचारायची, "काय म्हणतायत मिसेस डी?" आणि मी सांगायचे, "थंडी वाजतेय म्हणतायत."

दर वेळी, आई. दर वेळी मी तेच सांगितलं. तुमचं शहाणपण मी फुकट वापरत होते आणि नाव थंडीचं सांगत होते.

चपलांची गोष्ट तुम्ही मला इथेच सांगितलीत. तुमच्या बालवाडीत पहिला आठवडाभर गाणी नाहीत, रंग नाहीत. मूल दाराशी आलं की त्याला एकच शिकवायचं, आपली चप्पल आपण काढायची, जोडीने लावायची, आणि परत घालायची. काढ, घाल. काढ, घाल. पालक तक्रार करायचे, बाई काही शिकवतच नाहीत म्हणून. तुम्ही म्हणालात, "ज्याला स्वतःची चप्पल घालता येते ना, त्याला माहीत असतं की आपण मनात आलं तर घरी जाऊ शकतो. मग ते जात नाही. रडतं कोण? ज्याला वाटतं आपण अडकलो, ते."

मग तुम्ही इराच्या स्कीजकडे बोट केलंत. खुर्चीशेजारीच पडल्या होत्या. "हे कसं काढायचं गं? मला एकदा दाखवून ठेव."

आणि मी काय म्हणाले? "तुम्हाला काय करायचंय, आई? तुम्ही कुठे घालणार आहात?"

हसत म्हणाले होते. तुम्हीही हसलात, पुन्हा सुया हातात घेतल्यात. एक मिनिटसुद्धा लागलं नसतं मला.

आपलं भांडण तसं आधीपासूनच चालू होतं, सप्टेंबरच्या त्या दिवसाने नुसतं पेटवलं. मी खो-खोच्या मैदानावर वाढलेली मुलगी. आमचे सर शिट्टी आणि शिव्या या दोनच गोष्टींनी शिकवायचे. पडलीस? ऊठ. रक्त आलं? माती लाव. मी त्याच मातीची. तुम्ही म्हणायचात, "तुला पडून आलं म्हणून सगळ्यांनी पडलंच पाहिजे का?" आणि मी म्हणायचे, लाड केले तर मूल उभंच राहत नाही. एका बाबतीत मी अजूनही हटणार नाही, हे ऐकून ठेवा. ती लाल टोपीवाली मुलगी आठवते? तासभर हलेना. शेवटी मी तिच्या पाठीवर हळूच हात ठेवून खो दिला, आणि ती सुर्रकन गेली, आणि खाली पोचून अशी हसली की तिचे वडील रडले. तुम्ही म्हणालात, "उद्या आपली आपण गेली असती." आई, उद्या ती नव्हतीच. तुमच्याकडे मूल वर्षभर होतं, माझ्याकडे दोन तास असतात. दोन तासांत किती वाट बघायची? तुम्ही नुसत्या विणत राहिलात. मला याचं उत्तर हवं होतं, खरंच हवं होतं, नुसता वाद घालायचा म्हणून विचारलं नव्हतं.

आणि मग तो सप्टेंबरमधला रविवार.

स्वतःच्या मुलाला स्वतः शिकवू नये, दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे द्यावं. हे बार्ब दर वर्षी घसा फोडून सांगते. पण मला हौस. इन्स्ट्रक्टरची मुलगी, सहा वर्षांची झाली, अजून सपाटीवरच खेळतेय, लोक काय म्हणतील? लोक कोण? इथे मला ओळखतं कोण! तरी मी इराला माझ्याच वर्गात घेतलं आणि सरकत्या पट्ट्यावरून उतारावर नेलं. बाकीची पाच मुलं माझ्यामागोमाग गेली खाली. इरा अर्ध्यात थांबली, बसली आणि किंचाळायला लागली. "टेक देम ऑफ! मम, टेक देम ऑफ!" माझ्या कानात सरांची शिट्टी वाजली. मी खालून ओरडले, "नो! खाली आल्याशिवाय कुणी स्कीज काढायच्या नाहीत. ऊठ!" ती आणखी किंचाळली. सगळे बघायला लागले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात खुर्ची रिकामी दिसली. तुम्ही दोरीखालून वाकून गेला होतात. सत्तरीला टेकलेल्या, दुखऱ्या गुडघ्यांच्या तुम्ही, साडीचा ओचा खोचून, गमबुटांनी बर्फात पाय रोवत वर चढत होतात. मी "आई! आई!" करतेय, तुम्ही बघायला तयार नाही. वर पोचलात, बर्फात फतकल मारून बसलात, आणि इराच्या स्कीज काढायला गेलात. खाली-वर, इकडे-तिकडे, ओढून बघितलंत, हिसडून बघितलंत. निघेनात. कशा निघतील? मग तुम्हाला जे कळत होतं ते तुम्ही केलंत. बुटांचे बंद उघडलेत आणि पोरीचे पाय बुटांतून उपसून काढलेत. तिला कडेवर घेतलंत, तिचे मोज्यातले पाय पदरात गुंडाळलेत आणि उतरायला लागलात.

वर उतारावर उरले ते दोन रिकामे बूट. स्कीजमध्ये घट्ट अडकलेले, ताठ उभे.

मुलं हसायला लागली. कुणाच्या तरी बापाने कॅमेरा काढला. आणि तुम्ही खाली पोचलात तेव्हा मी सगळ्यांसमोर मराठीत बोलले. "ही तुमची बालवाडी नाही, आई. इथे मी शिकवते. कळत नाही त्यात हात घालू नका." शब्द कुणाला कळले नाहीत, सूर सगळ्यांना कळला. आणि शब्द कळणारी एक होती की तिथे, तुमच्या कडेवर.

तुम्ही इराला घेऊन सरळ गाडीत जाऊन बसलात. बूट बार्बने खाली आणले.

परतीच्या पाच तासांत तुम्ही मागच्या सीटवर होतात, इराचे पाय तुमच्या मांडीवर, वर शाल. मध्ये आम्ही बेकरीत पॅटिस खायला थांबलो, तुम्ही उतरला नाहीत. म्हटलं, फुगल्यात. फुगा! मीही फुगू शकते. मग तीन आठवडे एकाच घरात आपण दोघी. "चहा ठेवू का?" "ठेव." "सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानात जातोय, काही आणायचंय?" "कोथिंबीर मिळाली तर बघ." एवढंच. नितीन बिचारा दोन्हीकडे हसून बघायचा. एअरपोर्टवर आत जाताना तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "तिला आधी काढायला शिकव. मग येईल ती आपली आपण." मला ते टोचणं वाटलं. मी म्हणाले, "चेक-इनची लाइन वाढतेय, आई."

तुमच्याशी समोरासमोर बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते. चेक-इनच्या लाइनचं.

पुढे दर रविवारी फोन मीच लावायचे. कॉलिंग कार्ड खरवडायचे, तो लांबलचक नंबर फिरवायचे, तुमचं "हॅलो, कशी आहेस गं?" ऐकायचे, "मजेत" म्हणायचे आणि रिसीव्हर नितीनच्या हातात द्यायचे. तुम्ही दर वेळी पहिल्यांदा मलाच विचारायचात. मनात म्हणायचे, पुढच्या वर्षी येतीलच, तेव्हा बघू. इराने त्यानंतर स्कीजना हात लावला नाही. नाव काढलं की खोलीत निघून जायची. याचा दोषही मी मनातल्या मनात तुमच्याच नावावर टाकला होता.

तुम्ही गेल्यावर नितीनने चिंचवडहून फोन केला तो तेराव्याच्या दिवशी. म्हणाला, "दाराबाहेर शंभरेक चपला होत्या. एक माणूस खाली बसून त्या जोडीने लावत होता. चाळिशीचा असेल, टक्कल पडलेलं. मी म्हटलं, अहो राहू द्या. तर म्हणाला, बाईंच्या दारात अशा कशा ठेवणार?" मी इकडे फोन कानाला लावून, आमच्या दारातला चपलांचा ढीग बघत उभी होते.

आणि आता ते सांगते, जे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

नितीनने परत येताना तुमच्या कपाटातले मोजे आणले. इरासाठी विणलेले, निळे, एका मापाने मोठे. त्याने ते पलंगावर ठेवले, इराने बघितले, आणि पोरीने असा हंबरडा फोडला की मी भाजी टाकून धावले. "आजी सेड डोंट टेल मम," एवढंच म्हणत राहिली. हळूहळू निघालं सगळं. त्या रविवारी सकाळी, मी वर्गाच्या तयारीला गेल्यावर, तुम्ही तिच्या मोज्यांवर तुमचे लोकरीचे मोजे चढवले होतेत. पोरीला थंडी वाजेल म्हणून. स्कीच्या बुटात एकच पातळ मोजा लागतो, दोन झाले की चुणी पडते, पाय सोलतो. मी जगाला सांगते, तुम्हाला सांगायचं राहिलं. पाय बुटातून उपसलात तेव्हा टाचेवर रक्त होतं. म्हणून ते पदरात गुंडाळणं. म्हणून ती शाल. पाच तास मांडीवर तो पाय घेऊन बसलात, घरी आल्यावर खोबरेल तेल लावलंत, आणि तिला म्हणालात, आईला सांगू नकोस.

मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. तुम्ही शरमेने गप्प होतात. तीन आठवडे, आणि मग फोनवरचे ते सगळे रविवार, तुम्हाला वाटत राहिलं की चूक तुमची.

अहो आई, पण प्रत्येक मुलाचा बूट उघडून मोजा बघायचा, हे माझं काम! पाच परक्या मुलांचे मोजे मी त्या सकाळी गुडघ्यावर बसून तपासले होते. सहाव्या मुलीचे तपासले नाहीत, कारण ती माझी होती. ती किंचाळत होती तेव्हा दुखतंय का, एवढं विचारलं नाही. तुमच्या मोज्यांनी टाच सोलली, खरंय. पण ती अडकली ती माझ्यामुळे. आणि तिथे डोंगरभर लोक असताना तिला सोडवायला एकट्या तुम्ही चढलात. एकदा बोलायचं होतंत हो. "वैशाली, माझं चुकलं," एवढं म्हणाला असतात तर मी तिथेच तुमच्या गळ्यात पडले असते. तुम्ही बोलला नाहीत याचाही मला राग येतोय, आणि कुणावर काढू तो आता?

तर आज सकाळी. कॉफीचे दोन घोट घेतले, कागद खिशात घातला आणि सगळं तुमचंच बोलले. दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. खाली बसा. रडणाऱ्याला काम द्या. मोजे बघा, सगळ्यांचे बघा, स्वतःच्या पोरीचेसुद्धा. माझंही एक घातलं मध्ये, खो द्यायचा तर हळू, आणि मूल तयार असेल तरच. तुम्हाला ते चाललं असतं असं धरून चाललेय. मग प्रत्येकाला स्कीज घालायला लावल्या आणि म्हटलं, आता काढा. परत घाला. परत काढा. जँडल्सवाला पोरगा वैतागून म्हणाला, "हे किती वेळ?" म्हटलं, "कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे भीती गेली." तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे चालेल की, आणि परत काढल्या.

एका मुलीने विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनी. त्यांनी जन्मात कधी स्कीज घातल्या नव्हत्या." पोरं हसली. बार्ब नाही हसली. नंतर बाजूला येऊन म्हणाली, "मिसेस डी?" मी मान हलवली. म्हटलं, "बार्ब, त्यांना थंडी वाजत नव्हती." ती म्हणाली, "ते मला माहीतच होतं. थंडी वाजतेय हे सांगायला कुणाला तीन मिनिटं लागत नाहीत." मग तिने मला जवळ घेतलं आणि मी या पाच आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडले.

दुपारी इरा आली. आपणहून. "जस्ट टु सी," म्हणाली. तुमची खुर्ची असायची तिथे, अगदी सपाटीवर, मी बर्फात बसले आणि तिला काढायला शिकवलं. पहिल्या दोन वेळा जमेना, तिसऱ्यांदा दोन्ही तळहातांनी जोर लावून दाबलं आणि पाय सुटला. तिने माझ्याकडे बघितलं. मग काढ, घाल. काढ, घाल. अकरा वेळा झालं. माझी जीभ किती वळवळली म्हणून सांगू! गप्प बसले. बाराव्यांदा घातल्यावर ती दहा पावलं सरकत गेली, थांबली, स्वतः स्कीज काढल्या, हातात घेतल्या आणि चालत परत आली. उतारावर जायचं का, मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "मे बी नेक्स्ट सॅटर्डे."

मग म्हणाली, "आजीला येत होतं का हे?"

"नाही, बाळा."

"व्हाय नॉट?"

"तिने मला विचारलं होतं. मी दाखवलं नाही."

तिने हातातल्या स्कीज खाली ठेवल्या. "दॅट्स मीन, मम."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तुमच्यासमोर जे बोलायला हवं होतं ते तुमच्या नातीसमोर बोलले. ती दोघं चिप्स घेऊन येताना दिसतायत आता, इराने तुमचे निळे मोजे हातात घातलेत, हातमोज्यांसारखे. थोडक्यात सांगते, दोनच वाक्यांत, तुम्ही म्हणायचात तसं.

आई, टाचेच्या मागे एक छोटी दांडी असते, ती तळहाताने खाली दाबायची आणि टाच वर उचलायची. एवढंच होतं.